तायडे डॉक्टरांचा हातगुण

अमडापूरच्या बाजारातून सकाळी चिखलीची एसटी सुटायची. पुढे मलकापूर गाठलं की मुंबईची गाडी. रस्ता असा सरळ होता आणि डॉ. सहदेव तायडे यांना कुणी दोरीनं बांधून ठेवलेलं नव्हतं. तरीही पंधरा वर्षांत हा माणूस सलग दोन दिवस गावाबाहेर राहिला नाही. त्यांना अडकवलं ते एका शब्दानं. आणि तो शब्द त्यांनीच आपल्या तोंडानं काढला होता, मग तक्रार तरी कुणाकडे करायची?

डॉक्टरकीचं शिक्षण नागपूरला झालं. त्यानंतर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दोन वर्षं ग्रंथींच्या विभागात काढली. मधुमेह आणि गळ्याची ग्रंथी, हे त्यांचे विषय. गावात हे सांगायची सोय नव्हती. 'ग्रंथींचा डॉक्टर' म्हटलं की लोकांना वाटायचं, हा ग्रंथ उघडून औषध देत असेल. मुंबईत मात्र विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांचा या वऱ्हाडी तरुणावर जीव होता. तिथंच नोकरी, तिथंच संशोधन, असं जवळजवळ ठरलेलं होतं.

एकसष्ट साली वडील भगवंतराव यांचा पाय साखरेनं सडला. सहदेव चार महिन्यांची रजा काढून घरी आला. तिसऱ्या महिन्यात वडील गेले. चौथ्या महिन्यात, ट्रंक भरून झाली होती तेव्हा, पुंजाजी ओट्यावर येऊन बसले.

पुंजाजी वडिलांचे जुने दोस्त. एरवी खाटेवर बसले तर खाट कुरकुरायची, इतका भरला देह. पण सहा महिन्यांत अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला होता. सहदेवनं त्यांची लघवी काचनळीतल्या निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. साखर नसली तर ते पाणी निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं. पुंजाजींचं पाणी थेट विटेच्या रंगाचं झालं. गोळ्यांनी भागणारं नव्हतं. इन्सुलिनची सुई, रोज एक, जन्मभर.

"सुई?" पुंजाजी उठायलाच लागले. "नाई लागत मले. सुई लागली का माणूस जाते. तुह्या बापाले शेवटी सुईच देली होती ना?"

सहदेव थकलेला होता. बापाचं दुःख ताजं होतं आणि समोर बापाचाच दोस्त त्याच वाटेनं निघाला होता. त्या घाईत तो बोलून गेला, "ते दुसऱ्याच्या हातची सुई होती, काका. माह्या हाताले गुण हाय. माह्या हातची सुई बाधत नाई."

हे धादांत खोटं होतं. भगवंतरावांची शेवटची सुईही सहदेवच्याच हातची होती. पण पुंजाजी खाली बसले, बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. महिन्याभरात अंगावर मांस आलं. दोन महिन्यांत ते पुन्हा शेतावर ओरडायला लागले. आणि बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले, की औषध गेलं चुलीत, भगवंतरावाच्या पोराचा हातगुण काय सांगू तुम्हाला!

झालं. एकदा गावानं एखाद्याच्या हाताला गुण आहे म्हटलं, की तो हात मग त्याचा राहत नाही.

पहिल्या वर्षी तिघं, तिसऱ्या वर्षी सात जण रोज सकाळी सहाला ओट्यावर हजर. घरातला रॉकेलवर चालणारा फ्रीज इन्सुलिनच्या बाटल्यांनी भरलेला. सिंधूताईंना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, दही ठेवायला जागा मिळायची नाही. कंपाउंडर कचरू काचेच्या पिचकाऱ्या पातेल्यात उकळून ठेवायचा. डॉक्टर पिचकारीत औषध ओढायचे, तिला दोन टिचक्या मारायचे, कातडी चिमटीत धरायचे आणि सुई टोचायच्या आधीच म्हणायचे, "झालं." माणूस दुखण्याची वाट पाहत असायचा आणि तेवढ्यात खरंच झालेलं असायचं. मग हाक यायची, "पुढचं कोण?" या 'झालं' मध्येच काय तो हातगुण होता. बाकी सगळं इन्सुलिन करत होतं. पण इन्सुलिनचं नाव कुणाच्या तोंडी बसेना, हात सगळ्यांना दिसत होता.

रविवारी गळ्याच्या बाया यायच्या. कुणाचा घेंगा, म्हणजे गळ्यावरची गाठ, लिंबाएवढा, कुणाचा नारळाएवढा. डॉक्टर बाईला हात पुढे करून बोटं पसरायला लावत आणि बोटांवर वहीचा कागद ठेवत. कागद थरथरला, नाडी धावत असली, तर ग्रंथी जास्त काम करतेय. तानाबाई नावाची एक सून होती. सासरची माणसं तिला आळशी म्हणून दोनदा माहेरी सोडून आली होती. डॉक्टरांनी तिचा जाडसर आवाज फक्त ऐकला, सुजलेले डोळे पाहिले आणि सासूला म्हणाले, "आळशी नाई हे, आजारी हाय. हिची ग्रंथी झोपली." चार महिन्यांच्या गोळ्यांनी तानाबाई अशी चालायला लागली की सासूला मागं पळावं लागायचं. अशा दिवशी डॉक्टर खुशीत असत. मग कपाटातलं सरांचं पत्र आठवायचं आणि खुशी उतरायची.

पत्रं तीन आली. पहिल्यात आग्रह होता, दुसऱ्यात राग. तिसरं चौसष्टच्या नोव्हेंबरात आलं. 'एक जानेवारीपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही,' एवढंच.

सिंधूताईंनी तेच पत्र दोनदा वाचलं आणि माळ्यावरून ट्रंक खाली काढली. "अहो, आता नाही गेलात तर कधीच नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनाही ते कळत होतं. जाण्यासाठी त्यांचा जीव तळमळत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मुंबईत लोक रक्तातली साखर मोजत होते, नवीन औषधं तपासत होते, आणि ते इथं रोज तेच सात दंड पुसत होते.

आधी त्यांनी सोपा उपाय करून पाहिला. एका लग्नासाठी देऊळघाटला एक दिवस गेले आणि सुया कचरूवर सोपवल्या. कचरूचा हात खरं म्हणजे डॉक्टरांपेक्षा हलका होता. पण पुंजाजी ओट्यावरूनच परतले. बाकीच्यांनी 'उद्या घेऊ' म्हटलं. आणि कोकिळा होती. आठ वर्षांची पोर, हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. तिची आई कचरूला म्हणाली, "एक दिवसानं काय होते? डॉक्टरच्या हातचीच घेईन ते." डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तर कोकिळा खाटेवर पडून धापा टाकत होती, श्वासाला सडलेल्या फळाचा वास. सलाईन आणि इन्सुलिन देत ते तिच्या उशाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पोरीनं पाणी मागितलं तेव्हा ते परसात जाऊन रडले.

तेव्हा त्यांना उमगलं, की हात बदलून चालणार नाही. प्रत्येकाला आपल्याच हातानं सुई घ्यायला शिकवायला हवं. पोरीची सुई तिच्या आईनं द्यायची. डिसेंबर होता, संत्र्यांचे ढीग बाजारात आलेले. डॉक्टरांनी टोपलीभर संत्री आणली आणि सातही जणांना पाणी भरलेल्या पिचकाऱ्या दिल्या. संत्र्याची साल माणसाच्या कातडीसारखीच टोचली जाते. पुंजाजींनी पहिल्या दिवशी चार संत्री भोसकली आणि पाचवं खाल्लं, म्हणून त्या दिवशी त्यांच्या काचनळीत परत विटेचा रंग निघाला.

सगळ्यांत सफाई शालूबाईंची. त्यात नवल काही नव्हतं. बाई गावभरच्या गोधड्या शिवायची. नवरा लवकर गेला, एक मुलगी सुईच्या जोरावर वाढवलेली. तिचे टाके मापून घातल्यासारखे पडत. संत्र्यात तिची सुई अशी जायची की रसाचा थेंब बाहेर यायचा नाही. डॉक्टर तिला सगळं समजावत. पिचकारीवरची रेघ कुठली, हवा कशी काढायची, घाम फुटून हातपाय कापायला लागले तर लगेच साखर कशी खायची. तिला एकदा सांगितलेलं पुरायचं.

पुंजाजी हे बघत होते. त्यांनी जाहीर करून टाकलं, "शालूबाईनं सोताले घेतली त आमी बी घेऊ." बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणजे डॉक्टरांची मुंबई आता एका गोधडीवालीच्या बोटांवर येऊन ठेपली होती. त्यांना त्याची काळजी नव्हती. ते सिंधूताईंना म्हणाले, "पुस्तकं भरायला घे."

वीस डिसेंबरला सकाळी सगळे ओट्यावर जमले. शालूबाईंनी पिचकारी भरली, दंड उघडा केला. डॉक्टर शेजारी उभे होते. सगळं ठीक चाललं होतं. शालूबाईंनी एकदा समोर पाहिलं. तिथं कोकिळा आईच्या मांडीवर बसली होती आणि आईनं भीतीनं डोळे मिटून घेतले होते. शालूबाईंच्या हातातून पिचकारी निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले.

"मले नाई जमत," त्या म्हणाल्या.

"शालूबाई, दिवसभर सुई चालवता आन् हे जमत नाई?"

"कपड्याले दुखत नाई, डॉक्टर."

डॉक्टरांनी दुसरी पिचकारी दिली. शालूबाईंनी हात मागं घेतला. पुंजाजी उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मंग आपल्याच्यानं काय होते?" त्यांनी बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी सातही जणांना सुया दिल्या. मग आत जाऊन सरांना चार ओळींचं पत्र लिहिलं. सिंधूताईंनी पुस्तकं ट्रंकेतून काढून परत फळीवर लावली. 

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती एकाच सकाळची बनली होती. सहा वाजता ओटा, दोन टिचक्या, झालं, पुढचं कोण. डॉक्टरांची मुलं चिखलीला शिकली, अकोल्याला गेली. मुलीच्या साखरपुड्याला डॉक्टर सकाळच्या सुया देऊन निघाले आणि सगळ्यांत शेवटी पोचले. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. त्यांना त्या शब्दाचा मनापासून राग यायचा. देवालाही गाभाऱ्यातून कुणी बाहेर जाऊ देत नाही, असं ते एकदा सिंधूताईंना म्हणाले होते.

या सगळ्यांत एकदाच थोडं वेगळं घडलं. अडुसष्ट साली शालूबाईंची मुलगी मलकापूरला बाळंत झाली. शालूबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली गाडग्यात घालून गेल्या आणि चार दिवसांनी परतल्या. डॉक्टर धास्तावले होते. पण काचनळीतलं पाणी नुसतं हिरवट निघालं.

"सुई कोनं देली?"

"होती तिथं एक बाई."

डॉक्टरांनी दंडावरचे ठिपके पाहिले. चार दिवसांचे चार, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, एकही काळानिळा नाही. "हात चांगला हाय त्या बाईचा."

"बरा हाय," शालूबाई म्हणाल्या आणि पदर ओढून निघून गेल्या.

कोकिळा बारा वर्षांची झाली तेव्हा तिनं आपणहून पिचकारी मागितली आणि आठवड्यात शिकली. लहान पोरांना हातगुण वगैरे कळत नाही, हे बरं असतं. पण तोवर मुंबईतली जागा भरली होती आणि सर निवृत्त झाले होते. पुंजाजींनी तर पोरीचं कौतुक करून वर सांगितलं, "ते शाळेत जाते, तिचं वेगळं."

पंचाहत्तर सालच्या थंडीत डॉक्टरांच्या हाताला कंप सुटला. आधी वाटलं, गारठ्यानं असेल. मग एका दुपारी दार लावून त्यांनी स्वतःची बोटं पसरली आणि त्यावर वहीचा कागद ठेवला. कागद फडफडला. नाडी मोजली, अडुसष्ट. वजन तेवढंच. ग्रंथी बिचारी जागच्या जागी शहाण्यासारखी काम करत होती. भगवंतरावांचा हातही चाळिशीनंतर असाच कापायला लागला होता, ते आता आठवलं. याला कायमचं औषध नव्हतं.

लोकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कुणाच्या दंडावर रक्त आलं, कुणाला गाठ उठली, तरी दुसऱ्या दिवशी सहाला सगळे हजर. डॉक्टरांना वाटलं होतं, निदान हात गेला की सुटका होईल. तेवढीही आशा खोटी निघाली.

जानेवारीतल्या एका सकाळी थंडी फार होती, म्हणून ते आतल्या खोलीत एकेकाला बोलवत होते. पहिल्या शालूबाई. सुई एकदा चुकली, दुसऱ्यांदा तिरपी गेली, तिसऱ्यांदा दंडावरून रक्ताचा ओघळ आला. डॉक्टरांनी पिचकारी ताटलीत ठेवली आणि खुर्चीवर बसले. "संपलं आता," ते म्हणाले.

शालूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ताटली आपल्याकडे ओढली, सुई बदलली, औषध रेघेपर्यंत ओढलं, हवा काढली. दोन टिचक्या मारल्या. दुसऱ्या दंडाची कातडी गुडघ्यावर दाबून वर आणली, स्वतःशीच म्हणाल्या, "झालं," आणि सुई आत गेली. एका टाक्याइतका वेळ लागला.

डॉक्टर खुर्चीतून पुढे झुकले. "हे कवा शिकल्या?"

"संत्र्यावर. तुम्हीच त शिकवलं."

"मंग त्या दिवशी पिचकारी पडली कशी?"

"पडली नाई, डॉक्टर. पाडली."

डॉक्टरांची कानशिलं तापली. अकरा वर्षं! या बाईच्या दोन बोटांनी त्यांची अकरा वर्षं फरशीवर फोडून टाकली होती. ते ओरडणार होते, पण दाराबाहेर माणसं होती, म्हणून दबक्या आवाजात म्हणाले, "काऊन? मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

"कोकिळा समोर बसली होती," शालूबाई म्हणाल्या. "तिच्या मायनं डोये मिटले होते. मी घेतली असती त सारे शिकले असते, आन् तुम्ही मोकळे झाले असते. त्या पोरीले सुई कमी कवा द्याची, जास्त कवा द्याची, हे कोनाले समजत होतं? दोन महिन्यात गेली असती ते."

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं त थांबले असते तुम्ही?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. त्या डिसेंबरात त्यांना फक्त मुंबई दिसत होती. ते म्हणाले असते, आईला शिकवून ठेवतो, पत्र पाठवत राहा. आणि गेले असते. राग तसाच होता, पण तो नेमका कुणावर काढायचा हे त्यांना कळेना.

"माही पोरगी दर साली म्हनते, माय, मलकापूरले ये, माह्यापाशी राय," शालूबाई कापसानं दंड पुसत म्हणाल्या. "कशी जाऊ? तिथं रोज सुई कोन देते, विचारलं असतं तुम्ही. चार दिवस गेली त खोटं बोला लागलं." मग त्यांनी कापूस ताटलीत टाकला. "आता कोकिळा मोठी झाली, कमीजास्त तिचं तिले समजते. आता जा तुम्ही मुंबईले."

त्यात टोमणा नव्हता. शालूबाईंनी मनापासून सांगितलं होतं, आणि हे वाक्य ऐकायला डॉक्टर अकरा वर्षं थांबले होते. सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. विभागात आता कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टेबलावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. तो कापत होता.

बाहेरून पुंजाजी खाकरले. "आज काऊन येळ लागून राह्यला?"

"पुढचं कोण?" डॉक्टरांच्या तोंडून सवयीनं निघालं.

पुंजाजी काठी टेकत आत आले, स्टुलावर बसले, बाही वर केली आणि पंधरा वर्षांच्या शिस्तीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी पिचकारी भरली. सुईचं टोक हवेत हलत होतं. शालूबाई अजून तिथंच उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांच्या हातातून पिचकारी काढून घेतली, दोन टिचक्या मारल्या, पुंजाजींची कातडी चिमटीत धरली आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टर पुंजाजींच्या मानेकडे बघत होते. अजूनही सांगता आलं असतं. काका, वळून पाहा, हात माझा नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुंजाजी बाही खाली करून उठले असते, आणि उद्या बाहेरच्या सगळ्यांनी सुई सोडली असती.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

सुई आत गेली आणि बाहेर आली. पुंजाजींनी दंडावरून हात फिरवला, रक्त नाही, गाठ नाही. त्यांचा चेहरा उजळला. "कितीक दिवसानं परत तुमचा हात लागला, डॉक्टर! लोकं उगाच म्हनत होते, का कापते म्हनून. हातगुण असा जाते का कुठी?" ते काठी टेकत बाहेर गेले आणि ओट्यावर मोठ्या आवाजात हेच सांगायला लागले.

आत डॉक्टरांनी विचारलं, "मलकापूरले कवा जाता, शालूबाई?"

शालूबाई पातेल्यातून दुसरी पिचकारी काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पुढचं कोण, ते पाहा," त्या म्हणाल्या.